कौलातल्या अटी कुणी वाचल्या?

कुर्ला, अंधेरी, बोरिवली. महसूल खात्यातली माझी सगळी नोकरी या तीन तालुक्यांत गेली. तलाठी म्हणून लागलो, मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. उपनगरात जमिनीचा कोणताही वाद जरा उकरला की तळाशी कंपनी सरकारचा कागद लागतो, हे तेव्हापासून ठाऊक आहे.

कुर्ल्याचंच घ्या. 1808 साली ईस्ट इंडिया कंपनीला मुंबईत अपोलो गेटजवळची एक जागा हवी होती. ती होती होर्मसजी बमनजी वाडियांची. कंपनीने जागा घेतली आणि बदल्यात साष्टीतलं कुर्ला गाव देऊन टाकलं. सोबत मोहिली, कोळेकल्याण, मरोळ, सहार, असल्फे आणि परजापूर ही सहा गावं. कोळेकल्याण कुठे आलं, असं आजचा वाचक विचारेल. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या काचेच्या इमारतींची मालमत्ता पत्रकं काढून पाहा. कित्येकांवर गावाच्या रकान्यात हेच नाव आहे. सहार-मरोळला विमानतळ आहे. एका प्लॉटच्या बदल्यात सात गावं गेली, आणि त्या गावांत भात लावणाऱ्यांना कुणी काही विचारलं नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

इंग्रजांनी साष्टी मराठ्यांकडून घेतली 1774 मध्ये. बरीच जमीन पडीक होती आणि कंपनीला सारा हवा होता. मग मुंबईतल्या पैसेवाल्यांना गावंच्या गावं कौलाने द्यायला सुरुवात झाली: पैसा ओता, विहिरी खणा, पडीक लागवडीखाली आणा, आम्हाला ठरलेला सारा द्या. भांडुप 1803 मध्ये ल्यूक अॅशबर्नर या इंग्रजाला मिळालं. हा गृहस्थ ‘बॉम्बे कुरियर’चा संपादकही होता. पुढे ते गाव त्याच्या कावसजी माणकजी नावाच्या पारशी कारभाऱ्याकडे गेलं आणि त्याने गावाबरोबर साहेबाचं आडनावही घेतलं! पवई 1829 मध्ये फ्रामजी कावसजी बनाजींना मिळाली.

फ्रामजींबद्दल मला आदर आहे, तो आधीच नोंदवून ठेवतो, नाहीतर हा लेख पारशी घराण्यांवर खार खाऊन लिहिलाय असं वाटेल. त्यांनी पवईत आंबा लावला, ऊस लावला, रेशमाचा प्रयोग केला. गव्हर्नर माल्कम स्वतः ते पाहायला गेला. 1838 मध्ये त्यांनी व्हिक्टोरिया राणीला आंबे पाठवले. मुंबईत पाण्याची टंचाई होती तेव्हा गिरगावातल्या मुगभाटात स्वखर्चाने विहिरी खणून धोबीतलावापर्यंत पाणी आणलं. कौल ज्या हेतूने दिला तो पाळणारा माणूस कसा असतो, याचा तो नमुना आहे.

पण प्रत्येक कौलदार फ्रामजी नव्हता, आणि फ्रामजींचा नातूपणतूही फ्रामजी असेलच असं नाही. इनामदार घराण्यांची बाजू मांडताना लोक रुग्णालयं, धर्मशाळा, शाळा मोजून दाखवतात. त्या आहेत, त्यांचा उपयोग झाला, माझा जन्मसुद्धा अशाच एका धर्मादाय दवाखान्यात झाला असं आई सांगायची. तरी दानधर्म ही देणाऱ्याची मर्जी. कौलातली अट हे त्याच्यावरचं ओझं. एकाच्या बदल्यात दुसरं माफ होत नाही.

स्वातंत्र्यानंतर सरकारला हे कळलं होतं. साष्टीतल्या या इस्टेटींची सारामाफी रद्द करणारा कायदा 1951 मध्ये झाला. त्यातलं कलम साधं आहे. कौलाप्रमाणे पडीक जमीन कौलदाराची नसेल तर ती सरकारची. कौलाप्रमाणे त्याची असेल, पण 14 ऑगस्ट 1951 पर्यंत त्याने ती वहिवाटीत किंवा लागवडीत आणली नसेल, तरीही सरकारची. म्हणजे हिशेब एकच मागितला होता: तुम्हाला जमीन कशासाठी दिली होती, आणि तुम्ही तिचं काय केलंत?

हिशेब कसा झाला ते विक्रोळीत दिसतं. फ्रामजी बनाजींकडे एकेकाळी असलेली ही जमीन हस्ते-परहस्ते गोदरेजांकडे आली. सरकारविरुद्ध 1953 मध्ये दावा लागला आणि 8 जानेवारी 1962 ला तडजोडीने निकाली निघाला. सरकारने मान्य केलं की सुमारे 31 एकर सोडून गावातली सगळी पडीक जमीन मुदतीआधीच वहिवाटीत आली होती. ठीक. पुढे 1973 मध्ये त्याच सरकारने विक्रोळीच्या जमिनीच्या मालकीवर हायकोर्टात दावा लावला. बुलेट ट्रेनच्या जागेवरून 2023 मध्ये कोर्टात जुंपली तेव्हाही तो दावा रखडलेलाच होता. यात गोदरेज कंपनीला मी दोष देत नाही. तिने विकत घेतलं, कोर्टात लढली. दोष माझ्या खात्याचा. एक टेबल मान्य करतं, अकरा वर्षांनी दुसरं टेबल अमान्य करतं, आणि मधल्या काळात फायली नुसत्या हलतात.

आता कुळांकडे या. 1 एप्रिल 1957 ला, कृषक दिनी, कसेल त्याची जमीन झाली असं आपण शाळेत शिकलो. पण बृहन्मुंबईच्या हद्दीतल्या जमिनींना कूळकायद्याने मालकीहक्काच्या त्या कलमांतून वगळलं. ठाण्याच्या खाडीपलीकडचा कूळ मालक झाला. अलीकडचा, कौलदाराच्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या राबलेला, बहुतेक करून कूळच राहिला.

पवईजवळच्या एका गावठाणात पंचनाम्याला गेलो होतो. एका आगरी मावशीने पत्र्याच्या पेटीतून, नऊवारीच्या घडीतून, एक पुडकं काढलं. खंडाच्या पावत्या. कागद बिस्किटासारखा कुडकुडीत झालेला, अक्षर गुजराती, खाली इस्टेटीच्या मुनिमाची सही, मागच्या बाजूला हळदीचे डाग. मावशीला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. “साहेब, सासऱ्यानी भरलेला खंड हाय हा. आता याचा काय होईल?” मी पावत्या पंचनाम्यात नोंदवल्या. त्याहून जास्त माझ्या हातात काही नव्हतं, आणि ते तिलाही कळत होतं. शेजारच्या टेकडीवर तेव्हा पायलिंगचं मशीन ठोकत होतं.

त्याच पवईत 1986 चा करार झाला. सरकार, एमएमआरडीए, जमीनमालक आणि बिल्डर. नाममात्र भाड्याने जमीन, अट 40 आणि 80 चौरस मीटरच्या घरांची. उभं काय राहिलं ते पवईला जाऊन कुणीही पाहावं. परवडणारी घरं आधी बांधा, हे 2012 मध्ये हायकोर्टाला सांगावं लागलं. कंपनी सरकार गेलं, सवय राहिली: जमीन सढळ हाताने द्यायची, अट कागदावर लिहायची आणि पुन्हा तो कागद उघडायचा नाही.

उलट झोपडीवाल्याला विचारा. 1 जानेवारी 2000 च्या आधीचा पुरावा आण, लाइटबिल आण, मतदार यादीतलं नाव दाखव, आडनावात एक काना चुकला तर प्रतिज्ञापत्र कर. तारीख चुकली की फुकट घराला अपात्र. त्याच शहरात दोनशे वर्षांपूर्वीच्या कागदावर एकरांनी जमीन सांगणाऱ्याला त्या कागदातल्या अटींचा पुरावा कुणी खिडकीवर मागत नाही. कमाल जमीन धारणा कायदा 1976 मध्ये आला तेव्हा वाटलं होतं की आता तरी मागतील. कलम 20 खाली सवलतींचा पाऊस पडला आणि 2007 मध्ये महाराष्ट्राने कायदाच गुंडाळला.

कुणाच्या वारसांना रस्त्यावर काढा असं मी म्हणत नाही. दोनशे वर्षांत जमिनी विकल्या गेल्या, गहाण पडल्या, त्यांवर चाळी झाल्या, सोसायट्या झाल्या. ते उलटवता येणार नाही आणि उलटवूही नये. पण जी जमीन अजून मोकळी आहे, जिच्यावर आज टॉवरची परवानगी मागितली जातेय, तिचा कौल आधी वाचा. अट पाळली नसेल तर परवानगीच्या वेळी वाटा घ्या: मैदान, शाळा, जुन्या कुळांची घरं. तडजोड करायची तर एकदाच करा, आणि ती विधिमंडळासमोर ठेवा. रखडलेल्या दाव्यांना हायकोर्टाकडे वेगळं खंडपीठ मागा.

आणि पहिलं काम तर अगदीच किरकोळ आहे. सरकारदप्तरी असलेले कौल स्कॅन करून उपनगरातल्या मालमत्ता पत्रकांना जोडायचे आणि ‘कौलातील अटी’ असा एक रकाना वाढवायचा. त्याला कायदा बदलावा लागत नाही. एक परिपत्रक पुरतं, आणि मनात असलं की परिपत्रक एका दुपारीसुद्धा निघतं. आमच्या वेळी तर ते सायक्लोस्टाइलवर निघायचं.