राज्याचें नांव आणि राज्याचें रूप

राजसत्ता, अल्पसत्ता, लोकसत्ता आणि हुकुमशाही अशीं नांवें नागरिकशास्त्राचा अभ्यास करतांना विद्यार्थी ओळीनें पाठ करतात. प्रत्येकीची व्याख्या एका वाक्यांत, गुण तीन, दोष तीन. परीक्षेला एवढें पुरतें. परंतु या पाठांतरानें एखादें राज्य ओळखतां येतें काय? माझें मत असें आहे कीं, येत नाहीं. उलट, नांव कळलें म्हणजे वस्तु कळली, हा भ्रम मात्र दृढ होतो.

ही वांटणी फार जुनी आहे. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल यानें ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत विचारलें कीं, सत्ता एकाच्या हातीं आहे, थोड्यांच्या, कीं पुष्कळांच्या? पण तो तेथें थांबला नाहीं. सत्ताधारी ती सत्ता सर्वांच्या हितासाठीं वापरतात कीं स्वतःच्या, हा दुसरा प्रश्न त्यानें लागलाच जोडला. विद्यार्थ्यांच्या उत्तरांत पहिला प्रश्न राहतो व दुसरा गळतो. मी या दोहोंना तिसरा जोडूं इच्छितों : राज्यकर्ता नकोसा झाला, तर रक्त न सांडतां त्याला दूर करतां येतें काय?

आपल्या शाळेंतील मुलांना शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकांतील आठवा अध्याय परिचित असेल. इतर राष्ट्रांप्रमाणें आम्हांसहि राजा दे, असा हट्ट इस्राएल लोकांनीं धरला, तेव्हां वृद्ध शमुवेलानें त्यांना बजावलें कीं, राजा तुमचे मुलगे रथांपुढें धांवावयास नेईल, मुलींना स्वयंपाकास लावील, धान्याचा दशमांश घेईल. आणि पुढें तुम्ही त्याच्यामुळें आक्रोश कराल, तेव्हां कोणी ऐकणार नाहीं. कर व वेठ हीं संकटें मोठीं खरीं, तथापि या इशाऱ्याचें मर्म शेवटच्या भागांत आहे असें मला वाटतें. नेमतां येतो, पण काढतां येत नाहीं, असा राज्यकर्ता ते मागत होते.

इंग्लंडनें हा धडा फार महाग किंमत देऊन घेतला. १६४९ सालीं तेथें पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद झाला. पुढें १६८९ च्या हक्कांच्या कायद्यानें राजा पार्लमेंटच्या बंधनांत आला. आज तेथें राजा आहे, परंतु राज्य करतें तें लोकांच्या सभेंत बहुमत असलेलें मंत्रिमंडळ. याच्या उलट उत्तर कोरियानें १९४८ पासून आपल्या नांवांत ‘लोकशाही’ व ‘प्रजासत्ताक’ हे दोन्ही शब्द मिरविले आहेत, आणि तेथें आजोबा, बाप व नातू असे तिघे एकामागून एक सत्तेवर आले!

जर्मनीचें उदाहरण याहून अधिक विचार करण्याजोगें आहे. १९१९ सालीं जर्मनीनें जी राज्यघटना केली, तिच्यांत वीस वर्षांवरील सर्व स्त्रीपुरुषांना मताधिकार होता. १९३३ च्या जानेवारींत हिटलर बंड करून नव्हे, तर अध्यक्षाच्या नेमणुकीनें मुख्य प्रधान झाला. मार्चच्या २३ तारखेस तेथील विधिमंडळानें कायदे करण्याचा आपला अधिकार त्याच्या मंत्रिमंडळास देऊन टाकला. सभागृहांत हिटलरचे गणवेशधारी अनुयायी उभे होते, कम्युनिस्ट सभासदांना येऊंच दिलें नव्हतें. अशा धाकांतहि विरुद्ध मतें ९४ पडलीं, तीं सर्व सोशल डेमोक्रॅट पक्षाचीं. (लढायांच्या सनावळ्यांपेक्षां हा ९४ चा आंकडा मुलांनीं लक्षांत ठेवावा, असें मला वाटतें.) जुनी घटना विधिपूर्वक अशी कधीं रद्द झालीच नाहीं, राज्यकर्त्याला दूर करण्याची वाट मात्र बुजली. ती उघडली १९४५ सालीं, आणि तीहि महायुद्धानें.

आतां आपल्या महाराष्ट्रांतील औंध पहा. सातारा भागांतील हें लहानसें संस्थान. गांवें अवघीं ७२, आणि तींहि एका सलग पट्ट्यांत नव्हेत. तेथील राजे भवानराव पंतप्रतिनिधि हे चित्रकलेचे भोक्ते व सूर्यनमस्कारांचे कट्टे पुरस्कर्ते. त्यांनीं १९३८ च्या अखेरीस आपली सत्ता प्रजेच्या हातीं देण्याचें जाहीर केलें, आणि महात्मा गांधींच्या सल्ल्यानें तयार झालेली घटना जानेवारी १९३९ मध्यें मंजूर झाली. राजपुत्र अप्पासाहेब पंत व पोलंडहून आलेले इंजिनियर मॉरिस फ्रीडमन यांनीं त्या कामीं मोठे श्रम घेतले. गांवानें पंचायत निवडावी, पंचायतींतून तालुक्याची सभा व्हावी, व तालुक्यांतून संस्थानची विधिसभा बनावी, असा तो क्रम होता. सत्ता खालून वर चढत होती, आणि गादीवर राजा होताच!

राजानें दिलेलें दान राजाच परत घेईल, अशी शंका कोणी काढील. ती रास्त आहे. परंतु १९४८ सालीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन होईपर्यंत त्यांनीं तें परत घेतलें नाहीं. तरी पुस्तकी कोष्टकांत औंध ‘राजसत्ता’ या सदरांत पडेल आणि हिटलरचें जर्मनी, निदान कागदोपत्रीं, ‘प्रजासत्ताक’ या सदरांत.

भारताची पद्धति संसदीय आहे. म्हणजे लोकसभेचा विश्वास असेपर्यंतच प्रधान मंत्री अधिकारावर राहतो. अमेरिकेंत तसें नाहीं. तेथें अध्यक्षाची मुदत चार वर्षांची ठरलेली असते, आणि विधिमंडळांत विरोधकांचें बहुमत झालें एवढ्यानें तो जात नाहीं. आपल्याकडे १७ एप्रिल १९९९ रोजीं वाजपेयी मंत्रिमंडळाच्या बाजूनें २६९ व विरुद्ध २७० मतें पडलीं. एका मतानें सरकार गेलें. एवढ्या विशाल देशाचा कारभार एका मतावर डळमळावा, हें पुष्कळांना हास्यास्पद वाटलें. मला तें भूषणास्पद वाटतें. प्रधान मंत्र्यांनीं निर्णय मानला, प्रकरण मतदारांपुढें गेलें, आणि त्याच वर्षीं मतदारांनीं त्यांनाच पुन्हां निवडून दिलें.

आमच्या शाळांत वर्गाचा मॉनिटर बहुधा शिक्षक नेमतात, आणि तो वर्षभर राहतो. माझी सूचना अशी कीं, इयत्ता आठवीपासून तो मुलांनींच गुप्त मतदानानें निवडावा, आणि निम्म्याहून अधिक मुलांनीं लेखी मागणी केल्यास महिन्याच्या अखेरीस निवडणूक पुन्हां घ्यावी. काढलेल्या मॉनिटरला पुन्हां उभें राहण्याची मोकळीक असावी. पहिल्या सत्रांत वर्गांत थोडा गोंगाट होईल, व कांहीं पालकांकडून तक्रारीहि येतील. मुख्याध्यापकांनीं त्या एक वर्षभर सोसाव्या.