नेवाशाचा खांब

सुट्टीत मुलांना कुठे न्यावे? प्रवरेकाठच्या नेवाशाला न्या. ज्या दगडी खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली असे मानतात, तो 'पैस' तिथे आहे. सच्चिदानंदबाबांनी सुमारे ९,००० ओव्या लिहून घेतल्या आणि संस्कृतातली गीता साध्या माणसालाही कळू लागली.

पुढे याच जिल्ह्यातल्या श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' ओवीतच लिहिला. "सर, मराठी आपली भाषा आहे का?" असे उर्दू शाळेतली मुले विचारतात, तेव्हा मी त्यांचेच नाव सांगतो. घरात उर्दू जरूर बोला. पण मराठीतही आपण पाहुणे नाही, हे मुलांना कळू द्या. नेवासा पाहिलेत, की श्रीगोंद्यालाही जाऊन या.