सात दिवसांची सेवा

दरसाल कॉलेजातील पोरांच्या टोळ्या खेड्यात येतात. शाळेत अगर देवळात मुक्काम पडतो. सकाळी प्रभातफेरी, दुपारी चार खड्डे, रात्री पुढाऱ्याचे व्याख्यान, आणि आठवे दिवशी फोटो काढून मंडळी पसार! खड्ड्यातले रोप चैत्रात वाळते; पुढले साली त्याच खड्ड्यात दुसरे रोप. ह्याचे नाव समाजसेवा! आणि गावची पोरे तरी काय करतात? पुढाऱ्याच्या सभेत छातीवर बिल्ला लावून सतरंज्या उचलतात. स्वयंसेवक की बिनपगारी गडी?

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास सेवा व सात दिवसांचे शिबिर, असा तिचा नियम. नियम वाईट नाही. परंतु ह्याच तारखेस १८७३ साली जोतीराव फुले यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला, हे शिबिरातल्या किती पोरांस ठाऊक आहे? जोतीरावांनी १८५५ साली दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. १८७७ च्या दुष्काळात सत्यशोधकांनी धनकवडीस उपाशी लेकरांना जेवू घातले. १८९७ साली प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाईंनी प्राण ठेविला. त्या सेवेला तासांचा हिशेब नव्हता आणि प्रशस्तिपत्रही नव्हते!

कोणी म्हणेल, तो काळ गेला. आता गावात शाळा आहे, रस्ता आहे. खरे आहे. पण लेखणी कोणाच्या हाती आहे ते पाहा. कुळकर्णी वतन गेले, कुळकर्ण्याची वृत्ती गेली नाही. फरक इतकाच, की आता ती कोणत्याही जातीत जन्म घेते, आमच्यातही! २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर पिकाची नोंद करावी अशी ई-पीक पाहणी आली. ज्या म्हाताऱ्यास मोबाइल उघडता येत नाही त्याने काय करावे? दलालाच्या दारी जावे, पैसे मोजावे, आणि नोंद बरोबर झाली की नाही हे त्यालाच विचारावे. नोंद राहिली तर सातबाऱ्यावर पीकच नाही. मग गारपिटीची तक्रार कोणत्या तोंडाने करणार? सुतार, लोहार, कुंभार यांच्यासाठी २०२३ साली विश्वकर्मा योजना निघाली. तिच्या अर्जापाशीही मध्यस्थ हात पसरून बसलेलाच.

आणि त्याच गावात पदवीधर पोरगा पारावर बसून त्याच मोबाइलवर खेळ खेळतो! बापाने बैल विकून त्याला शिकविले ते ह्याचसाठी काय?

तरुणांनो, शिबिराची वाट कशास पाहता? प्रत्येकाने पाच घरे वाटून घ्या. आठवड्यातून दोन संध्याकाळी तेथे जा. सातबारा वाचून दाखवा, पिकाची नोंद करा, सावकाराचा कागद अंगठा उठण्यापूर्वी मोठ्याने वाचा. पण नुसते करून देऊ नका. घरातल्या सुनेला, पोरीला शिकवा, म्हणजे पुढले साली तुमचीही गरज उरू नये. तुम्हीच कायमचे लागत असाल तर तुम्ही सेवक नव्हे, नवे कुळकर्णी! ग्रामपंचायतीचा जमाखर्च मागून घ्या व चावडीत वाचा. पाच घरे वाटताना गावकुसाबाहेरची वस्ती आधी धरा. स्वयंसेवकांत पोरी असू द्या. त्यांना शिबिराच्या भाकऱ्या थापायला बसविणारी सेवा ही सेवाच नव्हे. एक पैसा घेऊ नका, कोणाची पालखी वाहू नका.

आईबापांनो, तुम्हांसही एक शब्द. पोरगा मिरवणुकीत नाचला तर तुम्ही कौतुक करता. शेजारच्या मांगवाड्यात अक्षरे शिकवू लागला तर दरडावता. हे सोडा. आपल्याच पोराच्या पायात साखळी घालून गुलामगिरी कशी तुटणार?

झाडूने रस्ता झाडला तर उद्या पुन्हा कचरा पडेल. पण एका घरातले अज्ञान झाडून काढले तर तेथे दलालाला पुन्हा बसायला जागा राहात नाही. खरी सेवा ती हीच.

सत्यमेव जयते!

— एक कुणबी