मरणाऱ्या पेशीचं कौतुक जरा जास्तच होतंय

गव्हावरच्या तांबेऱ्याबद्दल कुठेही वाचायला घेतलं की एक गोष्ट हमखास भेटते. बुरशी पानात शिरते, पानातली पेशी शत्रूला ओळखते आणि स्वतः मरून त्याला उपाशी मारते. तांबेऱ्याची बुरशी जिवंत पेशीतूनच अन्न ओढते, त्यामुळे पेशी मेली की तिचं जेवण बंद. ऐकायला झकास! हौतात्म्य म्हटलं की आपण विरघळतोच.

गोष्ट खोटी आहे असं नाही हो. १९१५ साली मिनेसोटाच्या स्टॅकमन यांनी या प्रकाराला 'अतिसंवेदनशीलता' म्हटलं. (हेच नॉर्मन बोरलॉग यांचे गुरू.) प्रतिकारक वाणाच्या पानावर तांबड्या पुळीऐवजी टाचणीच्या टोकाएवढा वाळका ठिपका दिसतो, तो याचा पुरावा. २०२२ मध्ये तर एसआर ३५ या जनुकाचं प्रथिन कसं काम करतं तेही दिसलं. बुरशीचं ठरावीक प्रथिन सापडलं की याची पाच एकत्र येऊन एक चक्र बनतं, ते पेशीत कॅल्शियमला वाट करून देतं आणि पेशीचा खेळ खलास.

पण बुरशी थांबते ती पेशी मेली म्हणूनच का? १९७२ मध्ये हंगेरीच्या किराय आणि सहकाऱ्यांनी उलटंच मांडलं. रोगाला बळी पडणाऱ्या झाडातली बुरशी औषधाने जायबंदी केली, तर तिथेही तसेच मेलेले ठिपके उमटले. म्हणजे पेशीचं मरण हे कारण नसून परिणामही असू शकतं. हा वाद अजून पुरता मिटलेला नाही. मला वाटतं दोन्ही खरं असावं, जनुकागणिक वेगळं.

मला खरी भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. ही सगळी लढाई ओळखीवर चालते. बुरशीने ते एक प्रथिन बदललं की पहारेकरी आंधळा. एसआर ३१ वर जगभरातले गहू वर्षानुवर्षं विसंबून होते. १९९८ मध्ये युगांडात त्याला न जुमानणारा खोडावरचा तांबेरा सापडला. तोच तो 'यूजी ९९'.

आणि आत्मघात कधी अंगाशीही येतो. अमेरिकेत तांबेऱ्याला दाद न देणारे 'व्हिक्टोरिया' वंशाचे ओट लोकांनी भरभरून पेरले. १९४० च्या दशकात त्यावर एक दुसरीच बुरशी आली. हिला मेलेली पेशीच हवी होती! तिच्या विषाने नेमके हेच ओट मेले.

आता एलआर ३४ बघा. यात पेशी पटकन मरत नाही, बुरशी फक्त रेंगाळते. पुळ्या उशिरा येतात, कमी येतात, लहान राहतात. २००९ मध्ये कळलं की हा पहारेकरी नाहीच, पेशीतला एक 'हमाल' आहे, पदार्थ इकडून तिकडे नेणारा. पानावरचा, खोडावरचा, पिवळा, तिन्ही तांबेऱ्यांवर आणि भुरीवरही थोडाफार चालतो, आणि इतकी वर्षं टिकलाय. कौतुक मात्र शून्य, कारण शेत स्वच्छ दिसत नाही. वर पानांची टोकंही वाळतात.

निफाडच्या आमच्या मामाला हे सांगितलं तर तो पहिला प्रश्न विचारतो, "टोकं वाळली तर उतारा किती घटेल?" रास्त आहे. रोग नसलेल्या वर्षी थोडी घट दिसल्याच्या नोंदी आहेत. शिवाय साथ जोरात आली की एलआर ३४ एकटा पुरत नाही, त्याच्यासारखी तीन-चार संथ जनुकं जोडीला लागतात, आणि ती एका वाणात आणायला पैदासकारांची वर्षं जातात. तरी माझं मत त्याच बाजूला. बियाण्याच्या पिशवीवर नुसतं 'तांबेरा प्रतिकारक' छापण्यापेक्षा हा प्रतिकार झटपट जातीचा की संथ, एका जनुकावर उभा की चारांवर, एवढं तरी छापा म्हणजे मामाला त्याचा हिशोब करता येईल.