आधी पोटोबा, मग पाटी

नेतृत्वावर वादविवाद रंगला, की मला माझ्या प्राथमिक शाळेतली खिचडी आठवते. मधल्या सुट्टीच्या आधीच आमचे डोळे फळ्यावरून चुलीकडे वळत. आमच्यापैकी कित्येकांचा तो दिवसातला पहिला घास असे.

ही खिचडी सहजासहजी ताटात आली नाही. भूक आणि शाळेतली गैरहजेरी यांचे नाते मद्रास राज्याचे मुख्यमंत्री कामराज यांनी १९५० च्या दशकातच ओळखले आणि शाळेत जेवण सुरू केले. त्यांचे स्वतःचे शिक्षण लहानपणीच सुटले होते! पुढे २००१ साली देशातील सरकारी कोठारे धान्याने भरलेली असताना सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला : सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांतील प्रत्येक मुलाला वर्षातून किमान २०० दिवस शिजवलेले अन्न द्या, त्यात किमान ३०० उष्मांक आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असावीत.

धान्य होते, भूकही होती. मग उणीव कशाची होती? राज्यकर्त्यांच्या इच्छेची! म्हणून मला वाटते, पुढाऱ्याची पारख सभेत करू नये. दुपारी त्याच्या गावच्या शाळेत जावे आणि मुलांच्या ताटात डोकावून पाहावे.