मेलेल्या चालकावर खापर, जिवंत बोर्डाला अभय

१७ जून २०२४ च्या सकाळी न्यू जलपाईगुडीजवळच्या रंगापाणी स्थानकापुढे उभ्या असलेल्या कांचनजंगा एक्स्प्रेसवर मागून मालगाडी आदळली आणि दहा माणसे ठार झाली. मृतांत मालगाडीचा चालक होता, एक्स्प्रेसचा गार्डही होता. डब्यांतून जखमींना बाहेर काढण्याचे काम चालू असतानाच दिल्लीहून रेल्वे बोर्डाच्या अध्यक्षांनी निकाल देऊन टाकला: चालकाने सिग्नल ओलांडला. साक्षी-पुरावा, तपास, चौकशी या साऱ्या उपचारांना फाटा देऊन काही तासांत दिलेला हा निकाल नोकरशाहीला फार सोयीचा होता. मेलेला माणूस खुलासा करीत नाही आणि त्याच्यावर खटलाही भरावा लागत नाही.

पुढल्या महिन्यात रेल्वे सुरक्षा आयुक्तांचा प्राथमिक अहवाल आला, तेव्हा चित्र पालटले. त्या भागातील स्वयंचलित सिग्नल पहाटेपासूनच बंद पडले होते. लाल सिग्नल ओलांडून पुढे जाण्याचा लेखी परवाना स्टेशनमास्तरनेच चालकांना दिला होता आणि किती वेगाने जावे हे त्यात नमूद नव्हते. त्या सकाळी असाच परवाना घेऊन आणखी पाच गाड्या त्या मार्गावरून गेल्या. प्रत्येक बंद सिग्नलपाशी एक मिनिट थांबावे आणि ताशी १५ किलोमीटरच्या आत चालावे, हा नियम साऱ्या गाड्यांपैकी पाळला तो फक्त कांचनजंगा एक्स्प्रेसने, आणि नियम पाळणारी तीच गाडी चिरडली गेली. सात चालकांपैकी सहा जण एकाच दिवशी, एकाच मार्गावर, एकच नियम वेगवेगळ्या रीतीने समजतात, तेव्हा दोष चालकाच्या डोक्यात शोधायचा की त्याला शिकवणाऱ्या आणि त्याच्या हाती अर्धवट कागद देणाऱ्या यंत्रणेत? आयुक्तांनी उत्तर दिले: हा अपघात घडण्याची वाटच पाहत होता. बोर्डाच्या अध्यक्षांनी मात्र त्या मृत कामगाराच्या कुटुंबाची जाहीर क्षमा मागितल्याचे आमच्या वाचनात आलेले नाही.

याआधी वर्षभरापूर्वी, २ जून २०२३ च्या संध्याकाळी, ओडिशात बालासोर जिल्ह्यातील बहानगा बाजार येथे जे घडले ते तर शतकातील मोठ्या दुर्घटनांपैकी एक होय. कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला. रूळ मात्र बाजूच्या लूप लाइनकडे वळलेले होते, आणि त्या लाइनवर लोहखनिजाने भरलेली मालगाडी उभी होती. २९६ माणसे मेली. त्यांत बंगाल-बिहारहून मजुरीसाठी दक्षिणेकडे निघालेले, विनाआरक्षित डब्यांत कोंबलेले कितीतरी श्रमिक होते.

प्रस्तुत लेखक भाषांतराचे काम करतो. २१ जुलै २०२३ रोजी राज्यसभेत रेल्वेमंत्र्यांनी दिलेले उत्तर मराठीत उतरवताना एका वाक्याशी त्याला बराच वेळ अडून बसावे लागले. पूर्वी करण्यात आलेल्या सिग्नल-मंडलाच्या फेरफारात, आणि त्या दिवशी ९४ क्रमांकाच्या फाटकाचा विजेवर चालणारा अडसर बदलण्याच्या कामात, राहिलेल्या त्रुटींमुळे टक्कर झाली, असा त्याचा आशय होता. सरकारी मराठीत ‘करण्यात आले’ असे म्हणून सुटता येते. कामगाराला समजेल अशा मराठीत लिहायचे तर ‘कोणी केले, कोणी तपासले, कोणी मंजूर केले’ हे विचारल्यावाचून वाक्य पुरे होत नाही. मंत्रिमहोदयांच्या उत्तरात तो कर्ता नव्हता. तो शोधण्याचे काम केंद्रीय अन्वेषण विभागाकडे, म्हणजे गुन्हेगार पकडणाऱ्या खात्याकडे, सोपविण्यात आले. त्या खात्याने जुलैत तीन माणसे पकडली: दोन विभागीय अभियंते आणि एक तंत्रज्ञ. वरच्या पायऱ्यांवर हात पोहोचला नाही.

वस्तुतः आयुक्तांच्या अहवालातील सर्वांत गंभीर गोष्ट निराळीच होती. १६ मे २०२२ रोजी, म्हणजे वर्षभर आधी, त्याच दक्षिण-पूर्व रेल्वेच्या खरगपूर विभागात बांकरा नयाबाज येथे चुकीच्या तारजोडणीमुळे असाच घोटाळा झाला होता. सुदैवाने तेव्हा माणसे मेली नाहीत. त्यानंतर योग्य ती सुधारणा केली असती तर बहानगाचा अपघात घडला नसता, असे आयुक्तांनी लिहून ठेवले. फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण-पश्चिम रेल्वेत होसदुर्ग रोड स्थानकाजवळ गाडी चुकीच्या मार्गावर जाता जाता चालकाच्या सावधपणाने वाचली, आणि तेथील एका वरिष्ठ अधिकाऱ्याने लेखी इशारा दिला. इशाऱ्याचे कागद दप्तरात पडून राहिले. आयुक्तांचा अहवाल बोर्डाने तेव्हा प्रसिद्ध केला नाही. लोकांना त्यातले जे कळले ते वृत्तपत्रांनी मिळविलेल्या प्रतींतून आणि संसदेतील त्या कर्ताहीन वाक्यातून.

येथे आपल्या बाजूच्या सभांतून झालेल्या एका चुकीचाही उल्लेख केला पाहिजे. ‘कवच’ यंत्रणा नव्हती म्हणून बहानगा घडले, असे अनेक व्यासपीठांवरून सांगितले गेले. २०२३ मध्ये ‘कवच’ अवघ्या १,४६५ किलोमीटर मार्गावर बसले होते आणि ही दिरंगाई अक्षम्य होती, यात वाद नाही. परंतु मुळात तारजोडणीच खोटी असेल आणि सिग्नलच खोटा हिरवा दाखवीत असेल, तर ‘कवच’ ती चूक पकडण्याची खात्री नव्हती. शत्रूवर चुकीचा आरोप ठेवला की तो खऱ्या आरोपातूनही निसटतो.

खरा आरोप देखरेखीचा आहे. रेल्वे चालवणारा, तिचे नियम करणारा, त्या नियमांचा भंग झाला की चौकशी करणारा आणि चौकशीचा निष्कर्ष मान्य वा अमान्य करणारा असे चारही अधिकार व्यवहारात एकाच बोर्डाच्या हाती आहेत. सुरक्षा आयुक्त आहेत, हे खरे. त्यांचे कार्यालय रेल्वे मंत्रालयाकडे नसून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे का, असा प्रश्न अनेक साथींना पडतो. त्याला इतिहास आहे. १९३७ साली पाटण्याजवळ बिहटा येथे शंभराहून अधिक प्रवासी मेले. त्या अपघातातील पॅसिफिक जातीच्या इंजिनांविषयी नेमलेल्या मंडळाने १९३९ मध्ये सांगितले की निरीक्षक रेल्वे बोर्डाच्या ताब्यात ठेवू नयेत. साम्राज्यशाहीच्या सरकारलाही हे पटले, आणि १९४१ मध्ये निरीक्षक टपाल व हवाई खात्याकडे गेले. हेच कार्यालय १९६७ पासून नागरी विमान वाहतुकीकडे आहे.

तत्त्व योग्य होते. पण त्या तत्त्वाला नखे आणि दात मिळाले नाहीत. आयुक्त होणारे अधिकारी रेल्वेच्याच सेवेतून येतात. त्यांच्या शिफारशी सल्ल्याच्या स्वरूपाच्या असतात. आणि फक्त गंभीर अपघातच त्यांच्यापुढे जातात. गाडी रुळांवरून घसरण्याच्या बहुसंख्य घटनांची चौकशी रेल्वेचेच अधिकारी करतात. ती कशी होते हे नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२२ च्या अहवालात मोजून दाखविले: ६३ टक्के प्रकरणांत चौकशीचा अहवाल मुदतीत सादर झाला नाही, ४९ टक्के प्रकरणांत तो स्वीकारण्यासच विलंब लागला. मार्गमापक गाड्यांनी करावयाच्या तपासण्यांत ३० ते १०० टक्के तूट आढळली. शंभर टक्के तूट म्हणजे तपासणी झालीच नाही!

त्याच अहवालात पैशाचाही हिशेब आहे. २०१७ साली मोठा गाजावाजा करून राष्ट्रीय रेल्वे संरक्षा कोष स्थापन झाला: पाच वर्षांत एक लाख कोटी रुपये, त्यांतले दरवर्षी ५,००० कोटी रेल्वेने स्वतःच्या उत्पन्नातून घालावयाचे. पहिल्या चार वर्षांत रेल्वेने घालावयाच्या २०,००० कोटींपैकी १५,७७५ कोटी घातलेच नाहीत. याच काळात घसाऱ्याच्या निधीची तरतूद काहीशे कोटींवर आणली गेली. जुने रूळ आणि यंत्रे बदलण्यासाठी बाजूला ठेवावयाचा हा पैसा कमी दाखविला की शंभर रुपये मिळविण्यासाठी शंभराहून कमी खर्च झाल्याचे हिशेबात दिसते, आणि मंत्र्यांना पाठ थोपटून घेता येते. घरमालकाने छपराची दुरुस्ती थांबवून बचत झाल्याचे सांगावे, तसे हे अर्थशास्त्र आहे.

सरकार उत्तर देते की मोठे अपघात २०१४-१५ मधील १३५ वरून २०२४-२५ मध्ये ३१ वर आले. आकडा खोटा नाही. रुंदमापी मार्गांवरील बिनराखणीची फाटके नाहीशी झाली, रूळ बदलले गेले. हे ज्यांच्या घामाने झाले ते ट्रॅकमन आणि गँगमन आपलेच आहेत. पण या मोजणीत कोण बसत नाही ते पाहा. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर २०२३ या एका वर्षात २,५९० माणसे मेली. रूळ ओलांडताना मेलेला ‘अतिक्रमण करणारा’ ठरतो, दारातून पडलेला ‘अनुचित घटने’त जातो, १३५ आणि ३१ मध्ये त्यांना जागा नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलींच्या दारांत लोंबकळणारे प्रवासी एकमेकांवर घासून खाली पडले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर २३ जण गुदमरून मेले. रुंद पुलाची मंजुरी कागदावर होती. रेल्वेने स्वतःची चौकशी स्वतःच केली आणि दोष दिला तो पावसाला. पावसाला निलंबित करता येत नाही, एवढाच काय तो फरक!

आता खाजगीकरणाचे भाट पुढे येतील आणि म्हणतील, पाहा, सरकारी मालकीचे हे फळ. त्यांना ब्रिटनचा नकाशा दाखवावा. तेथे १९९० च्या दशकात रेल्वे फोडून विकली. रूळ ‘रेलट्रॅक’ या नफेखोर कंपनीकडे गेले, दुरुस्ती कंत्राटदारांकडे. १९९९ मध्ये लॅडब्रोक ग्रोव्ह येथे ३१ माणसे मेली. २००० मध्ये हॅटफिल्डला तडे गेलेला रूळ गाडीखाली फुटला. २००१ मध्ये कंपनीचे दिवाळे वाजले आणि रूळ पुन्हा नफा न कमावणाऱ्या संस्थेकडे सोपवावे लागले. मात्र त्याच रक्तातून तेथील जनतेने एक गोष्ट मिळविली: २००५ पासून काम करणारी स्वतंत्र अपघात-तपास शाखा. ती दोषी ठरवून शिक्षा देत नाही, कारण शोधते. आणि आपले अहवाल प्रसिद्ध करते.

आपल्या चळवळीतील काही साथी स्वतंत्र सुरक्षा प्राधिकरणाच्या मागणीकडे संशयाने पाहतात. नियामक म्हटला की त्यांना जागतिक बँक दिसते. हा संशय निराधार नाही. २०१७ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेले रेल्वे विकास प्राधिकरण भाडी ठरविण्यासाठी आणि खाजगी भांडवलाला ‘समान संधी’ देण्यासाठी होते, आणि त्याला विरोध करणे योग्यच होते. परंतु भाड्याचा नियामक आणि प्राणांचा निरीक्षक यांत गल्लत करून कसे चालेल? डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने २०१२ मध्ये कायद्याने स्थापलेले, बोर्डापासून वेगळे सुरक्षा प्राधिकरण मागितले, ते भांडवलदारांच्या सोयीसाठी नव्हे. त्याच समितीने पाच वर्षांत एक लाख कोटींचा खर्चही मागितला होता. सरकारने त्यातला आकडा उचलला आणि प्राधिकरण टाकून दिले, यातच सारे आले. सार्वजनिक मालकीवर सार्वजनिक देखरेख नसेल तर ती मालकी जनतेची राहत नाही, बोर्डाची होते. आणि बोर्डाच्या अपकीर्तीचे भांडवल करूनच उद्या तिचा लिलाव पुकारला जाईल.

संसदेची देखरेखही अशीच हळूहळू सैल केली गेली. १९२४ पासून रेल्वेचा स्वतंत्र अर्थसंकल्प मांडला जात असे. त्यात मतदारसंघांना गाड्या वाटण्याचा तमाशा पुष्कळ होता हे मान्य. पण वर्षातून एकदा तरी रेल्वेमंत्र्याला केवळ रेल्वेवरच्या चर्चेला तोंड द्यावे लागे. २०१७ मध्ये तो सामान्य अर्थसंकल्पात विरघळून टाकला. लालबहादूर शास्त्रींनी १९५६ मध्ये अरियलूरच्या अपघातानंतर दिलेल्या राजीनाम्याची आठवण प्रत्येक अपघातानंतर काढली जाते. काढावी. पण मंत्री गेला तरी तारा तशाच चुकीच्या जोडलेल्या राहू शकतात.

म्हणून नागपूर, भुसावळ, सोलापूर, हुबळी, इटारसी, खरगपूर येथील रेल्वे कामगारांत काम करणाऱ्या साथींनी पुढील मागण्या युनियनच्या सभांत नेल्या पाहिजेत. सुरक्षा आयुक्तांना कायद्याने प्राधिकरणाचा दर्जा आणि बंधनकारक आदेशाचा अधिकार द्या. शिफारस नाकारायची असेल तर बोर्डाने त्याची कारणे संसदेपुढे लेखी ठेवावीत. प्रत्येक चौकशी अहवाल ठराविक मुदतीत छापून जाहीर करा. प्राधिकरणात चालक, सिग्नल आणि रूळ या खात्यांतील कामगारांचे निवडलेले प्रतिनिधी घ्या. बांकरा नयाबाजची चुकीची जोडणी आधी कोणाच्या नजरेस पडते, तर तारा हाताळणाऱ्याच्या. धोका लेखी कळविणाऱ्या कर्मचाऱ्याला संरक्षण द्या. २०२४ मध्ये सुरक्षेशी संबंधित सुमारे दहा लाख मंजूर पदांपैकी दीड लाखांहून अधिक रिकामी होती. ती भरा, कारण दोन माणसांचे काम करून थकलेल्या एकावर देखरेख ठेवणे म्हणजे पुढच्या आरोपीची आगाऊ निवड करणे होय. आणि सर्वांत आधी बहानगाचा संपूर्ण अहवाल, एकही पान न गाळता, संसदेच्या पटलावर ठेवा.