डीजेला वर्गणी, तालमीला कुलूप

"आपल्या बदनापूरच्या पोरांत दम नाही, नुसते रील काढत बसतात." गेल्या आठवड्यात हे वाक्य तीन वेगवेगळ्या माणसांकडून ऐकलं. बोलणारे सगळे चाळिशीच्या पुढचे, म्हणजे माझ्याच वयाचे. म्हणून ही पोस्ट जरा लांब होणार आहे, सांभाळून घ्या.

ग्रीन डे हे नाव आपल्याकडच्या कॉलेजातल्या पोरांना माहीत आहे. अमेरिकेचा पॉप पंक बँड. तीन-चार कॉर्ड, धावता ताल आणि एकदा ऐकली की डोक्यात बसणारी चाल. १९९४ चा त्यांचा 'डूकी' हा अल्बम एकट्या अमेरिकेत एक कोटीच्या वर गेला, ते सगळ्यांना ठाऊक असतं. पण मोठ्या कंपन्या त्यांच्या दारात आल्या त्या आधीच्या अल्बममुळे. तो त्यांचा दुसरा, 'कर्प्लंक'. १९९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका साध्या स्टुडिओत दोन टप्प्यांत रेकॉर्ड केलेला. गाणारा बिली जो आर्मस्ट्राँग आणि बेसवाला माइक डर्न्ट तेव्हा १९ वर्षांचे, नवा ड्रमर ट्रे कूल तर १८ चा. काढणारी कंपनी लुकआउट, म्हणजे ओळखीतल्याच माणसांनी चालवलेलं छोटं लेबल.

बरं, ही पोरं श्रीमंताघरची का? बिली जोचं गाव रोडिओ, तेल शुद्धीकरण कारखान्याला लागून. आपल्याला जसे जालन्याचे स्टीलचे कारखाने, तसं. बाप ट्रक चालवायचा, पोरगं दहा वर्षांचं असताना कॅन्सरने गेला. आई हॉटेलात वाढपी. यांचा पहिला कार्यक्रमही त्याच हॉटेलात झाला.

मग दम कुठून आला? खोलीतून. माझं म्हणणं एवढंच आहे.

जवळच्या बर्कली शहरात गिलमन स्ट्रीटवर ९२४ नंबरचं एक गोदाम आहे. १९८६ च्या ३१ डिसेंबरला तिथे पोरांसाठी जागा सुरू झाली. तिकीट स्वस्त, काम करणारे सगळे बिनपगारी, कोणत्याही वयाच्या पोराला प्रवेश. दारू नाही, मारामारी नाही, वंशद्वेष नाही, हे नियम भिंतीवर लिहिलेले. तिथे वाईट वाजवलं तर समोरचा तोंडावर सांगायचा. महिन्यांमागून महिने असं वाजवून ती गाणी घासून निघाली, म्हणून स्टुडिओत थोडक्या दिवसांत काम उरकलं. रेकॉर्डिंग शेवटचं काम असतं हो. "मोबाइल आहे की, घरीच करा रेकॉर्ड" म्हणणाऱ्यांना हे कळत नाही. चार जणांनी एकत्र, एका तालात, लोकांसमोर वाजवायला जागा लागते, मोबाइल नाही.

(ट्रे कूलच्या वडिलांनी पुढे फिरत्या वाचनालयाची जुनी गाडी दुरुस्त केली आणि स्वतः चालवत या पोरांना गावोगाव नेलं. आपल्याकडे बाप लोक गिटार विकायला लावतात. असो.)

तुम्ही म्हणाल, अमेरिकेचं काय सांगता. मग मुंबईचं घ्या. धोबी तलावाचं रंगभवन, सरकारी खुलं नाट्यगृह. १९८६ पासूनचा इंडिपेंडन्स रॉक महोत्सव तिथेच गाजला. त्याच काळात रॉक मशीन हा मुंबईचा बँड दुसऱ्यांची गाणी वाजवता वाजवता स्वतःची करायला लागला. पहिला अल्बम १९८८ ला, दुसरा 'द सेकंड कमिंग' १९९० ला. पुढे रंगभवन शांतता क्षेत्रात मोडतं म्हणून तिथले कार्यक्रम बंद पडले. आवाजाचा नियम चुकीचा नव्हता. पण बदल्यात तसलीच स्वस्त, मोक्याची जागा पोरांना कुणी दिली?

आणि आवाजावरून आठवलं. नियमाप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि दहानंतर स्पीकर बंद. आपल्या वराती आणि मिरवणुकीत काचा थरथरतात तेव्हा हा नियम कुठे जातो? त्या डीजेला वर्गणी देताना कुणाचा हात आखडत नाही, पुढाऱ्यांचा तर नाहीच. पण चार पोरं बंद खोलीत ड्रम वाजवायला लागली की शेजारचे लगेच "गोंगाट" म्हणून उठतात. ही भजनी मंडळाची, भीमगीतं गाणाऱ्या पार्टीचीसुद्धा अडचण आहे बरं का, फक्त गिटारवाल्यांची नाही. आधी मंडळी पेटी-ढोलकी घेऊन रात्र-रात्र बसायची. आता त्यांच्या जागी पेनड्राइव्ह आलाय.

जागा नाही असं सांगू नका. तालुक्यातल्या गावागावांत आमदार-खासदार निधीतून समाजमंदिरं, सभामंडप उभे आहेत. उद्घाटनाची पाटी चकचकीत, दाराला कुलूप, किल्ली कुणाकडे ते कुणालाच माहीत नाही. शाळा संध्याकाळी पाचनंतर रिकाम्या. मी एका ठिकाणी विचारायला गेलो तर साहेब म्हणाले, "गाण्याबजावण्यासाठी तरतूद नाही." मागणी पैशाची नव्हतीच, किल्लीची होती.

म्हणून लेखी मागणी करतोय. आठवड्यातून तीन संध्याकाळी, सहा ते नऊ, एक हॉल उघडा. वीजबिल वाजवणारे भरतील, किल्ली नोंदवहीत सही करून घेतील, दारू दिसली तर त्याच दिवशी बंद. महिन्यातून एकदा तिथेच कार्यक्रम, भजनापासून पंकपर्यंत ज्याला जे वाजवायचं ते.

तुमच्या गावात, वॉर्डात कुलूप लागलेलं समाजमंदिर असेल तर खाली कमेंटमध्ये जागा आणि बांधल्याचं वर्ष लिहा. पाटीचा फोटो टाकलात तर अजून चांगलं. येत्या सोमवारी अर्ज देतोय, यादी त्याला जोडतो.